आवक कळते, साठा कळत नाही

“ताई, जेट्टीच्या खालच्या दोन पायऱ्या पाण्यात गेल्या. आणि आता भरती नाय, ओहोटी हाय.”

मंगेश फोनवर ओरडून बोलत होता. लाइन तुटत होती. मागे कुणीतरी वेगळ्याच भाषेत रडत होतं. मी विचारलं, “तू बरा आहेस ना?” तर म्हणाला, “मी बरा हाय. पायऱ्या कुठं गेल्या ते सांगा.”

पायऱ्या कुठेही गेल्या नव्हत्या. भूकंपाने सगळं बेटच त्या बाजूने खाली बसलं होतं.

मंगेश हा दामूकाकांचा मुलगा. दामूकाका भातसा धरणावर गेटच्या कामाला होते आणि माझे वडील तिथल्याच ऑफिसात क्लार्क. भातसानगरच्या कॉलनीत आमची क्वार्टर्स शेजारी होती. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा मंगेश जन्मला, त्यामुळे त्याला मी कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. पुढे तो आयटीआय करून फिटर झाला. मुरबाडच्या एमआयडीसीत काही वर्षं काँट्रॅक्टवर काढली आणि मग एका कंपनीने त्याला समुद्रापलीकडच्या एका बेटावर जेट्टीच्या कामाला नेलं. बेटाचं आणि कंपनीचं नाव मी देत नाही. दिल्याने कुणाचं काही परत येणार नाही.

माझं काम भूकंप झाल्यानंतर सुरू होतं. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. भूकंपवाली बाई म्हणजे भूकंप कधी येणार ते सांगणारी, असं लोकांना वाटतं. मग मी श्रीखंड वाढून घेते आणि विषय बदलते. इथे मात्र थोडं समजावून सांगावं लागेल.

समुद्राखालची जमीन अखंड नसते. तिचे मोठाले तुकडे असतात, त्यांना प्लेट म्हणतात. काही ठिकाणी एक प्लेट दुसरीच्या खाली शिरते. त्या पट्ट्याला आम्ही सबडक्शन झोन म्हणतो. खाली जाणारी प्लेट सुखासुखी जात नाही. अडकते, आणि वरच्या प्लेटची कड स्वतःबरोबर खाली ओढत राहते. असं पिढ्यान् पिढ्या चालतं. मग अडकलेला भाग एकदम सुटतो. कड उसळून वर येते आणि तिच्या मागची जमीन खाली बसते. हा झाला भूकंप. तळ उसळला की वरचं पाणीही उसळतं, ती त्सुनामी.

हे झालं की माझा कॉम्प्युटर कामाला लागतो. कुठली जमीन किती सरकली, किती वर गेली, किती बसली, याचे आकडे जीपीएस स्टेशनकडून आणि सॅटेलाइटकडून येतात. त्यावरून पट्ट्याचा कुठला भाग सुटला ते काढायचं. आणि तो सुटल्यामुळे शेजारच्या, अजून अडकलेल्या भागांवरचा ताण किती बदलला ते मांडायचं. याला मॉडेल म्हणतात. नकाशावर ताण वाढला तिथे लाल रंग, कमी झाला तिथे निळा. मॉडेल सर्व्हरवर चालतं, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस मी शहापूरच्या घरूनच काम करते.

मंगेशच्या बेटाजवळ धड एकही जीपीएस स्टेशन नव्हतं. म्हणून मी त्याला म्हटलं, “टेप आहे का जवळ? पाणी कुठल्या पायरीला आहे ते मोजून पाठव. किती वाजता मोजलंस तेही लिही.” आजूबाजूला घरं पडलेली, आणि हा पट्ठ्या पाण्यात उतरून मोजत बसला. फिटरच तो. अंदाजे, साधारण, असले शब्द त्याला खपायचे नाहीत. त्याने पाठवलेले आकडे मी मॉडेलमध्ये घातले आणि धूसर होता तो नकाशा स्वच्छ झाला.

सुटलेला भाग बेटाच्या उत्तरेला होता. दक्षिणेला, बेटाला लागूनच, मोठा लाल डाग उठला.

मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख.

“सर, दक्षिणेचा भाग बघा.”

“बघतोय. छान आलंय.”

“तिथे माणसं राहतात.”

“माणसं सगळीकडेच राहतात, मॅडम. तारीख आहे तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग जर्नलला पेपर लिहा. रिपोर्ट तिथल्या सरकारकडे जाईल. प्रेसशी काही बोलू नका.”

सर वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

त्याच आठवड्यात दामूकाका आले. रिटायर झाल्यावर ते आपल्या गावी, धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठी राहत होते. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या. पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली, आणि चहा नको म्हणाले. दामूकाका चहा नको म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर.

“मंग्या बोलला, तू नकाशा काढलास. दाखव बघू.”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. लाल डागावर त्यांनी बोट ठेवलं. “ह्यो काय गो?”

मी त्यांना त्यांच्याच गेटवरून सांगितलं. मोठं गेट दोन बाजूंच्या दोरांवर तोललेलं असतं. एका बाजूचा दोर सुटला तर सगळा भार दुसऱ्या बाजूवर येतो. हा लाल डाग म्हणजे ती दुसरी बाजू.

त्यांनी मान हलवली. “म्हंजे त्या अंगाला किती भार आला ते तुला कळतं.”

“हो.”

“आवक कळते.”

“बरोबर.”

“मग साठा किती हाय?”

“ते नाही कळत, काका.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी एवढं शिकून हेच का करते, असं मलाच वाटावं. मग मी खरं ते सांगितलं. तुमच्या धरणावर पाण्याची पातळी वाचायला पट्टी असते. आमच्याकडे तशी पट्टी नाही. हे धरण आधी किती भरलं होतं ते माहीत नाही. भिंत किती उंच आहे तेही माहीत नाही. काल वरून एवढं पाणी आत आलं, इतकंच सांगता येतं.

“मग भोंगा कवा वाजवायचा?” दामूकाकांनी विचारलं.

हा भोंगा काय ते सांगायला हवं. धरणाचं गेट उघडण्याआधी भोंगा वाजवतात. खाली नदीच्या पात्रात कुणी कपडे धूत असतं, कुणी मासे धरत असतं, म्हशी डुंबत असतात. भोंगा ऐकला की सगळे वर येतात. पाणी त्यानंतर येतं. आम्हा कॉलनीतल्या पोरांना अक्षरं गिरवण्याआधी हे पाठ होतं. भोंगा नाही तोवर नदी आपली. भोंगा झाला तरी बादली उचलायला, म्हशी काढायला, विसरलेली चप्पल आणायला वेळ असतो. तो भोंगा दामूकाका वाजवायचे. मंगेश तर शाळेत मिरवायचा, “माझा बाप वाजवतो म्हणून तुमी जिते हाव.”

“काका, माझ्याकडे भोंगा नाही,” मी म्हटलं.

“बरं. मंग्या तुझा सख्खा भाव असता तर काय केलं असतंस?”

“बोलावून घेतलं असतं.”

ते उठले. शेंगा सोलायच्या की आमटीत तशाच टाकायच्या ते सांगितलं आणि स्टँडवर गेले. मंगेश पंधरवड्याच्या आत घरी आला.

आला तो कुरकुरतच. काँट्रॅक्ट अर्धवट सोडलं म्हणून कंपनी नाराज होती. त्याची बायको कविता मात्र खूश. तिला दिवस गेले होते. मुरबाडला त्याला परत काम मिळालं, पण हेल्परचं. ज्याने समुद्रात गर्डर बसवले तो आता दुसऱ्याच्या हातात पाने द्यायला लागला. गावात त्याची चेष्टा सुरू झाली. टोकावड्याच्या ढाब्यावर मित्र विचारायचे, “काय मंग्या, ताईचा भूकंप आला का?” तोही हसून सांगायचा, “एश्टी चुकली त्याची.” मुलगी झाली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुरबाडची कंपनी मंदीत गेली आणि हेल्परचं कामही सुटलं.

बेटावर तोवर काही झालं नाही. छोटे धक्के येत होते, तेही कमी होत चालले होते.

मग जुन्या कंपनीचा फोन आला. जेट्टी बेटाबरोबर खाली बसली होती ना, ती आता उंच करायची होती. आधीचं काम माहीत असलेला फिटर हवा होता. म्हणजे बघा, भूकंपाने जमीन बसली नसती तर हे काम निघालंच नसतं. मी पेपरमध्ये ज्या खचलेल्या किनाऱ्यावर दोन पानं लिहिली, त्याच किनाऱ्याने त्याला नोकरी देऊ केली.

दामूकाका पुन्हा आले. या खेपेला चहा घेतला.

“आवक थांबली का गो?”

मला हो म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी ताजे आकडे दाखवले. मोठा भूकंप झाल्यावरही सुटलेला भाग वर्षानुवर्षे हळूहळू सरकत राहतो. अंगाला जाणवत नाही, पण जीपीएसला दिसतं. त्याने शेजारच्या भागावर थेंब थेंब भार वाढतच राहतो. पहिल्या भूकंपानंतर आम्ही तिथे नवीन स्टेशन बसवलं होतं, आणि ते रोज थोडं थोडं सरकत होतं.

“थेंब थेंब येतंय अजून,” मी म्हटलं.

“मंजी कवा?”

“उद्या. किंवा तुमची नात म्हातारी होईल तेव्हा.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, “यकदा मी भोंगा वाजवला आन् वरून हुकूम आला, गेट उघडू नका. पाणी सुटलंच नाय. पुढच्या खेपेला मी भोंगा वाजवतोय, वाजवतोय, आन् माणसं नदीत बसलेली. बाया मला हात करून दावत व्हत्या, वाजव म्हणून. मी धावत गेलो, शिव्या घालून काढलं एकेकाला.” कप खाली ठेवत ते म्हणाले, “भोंगा झाला की पाणी यायलाच पायजे, नंदा. नायतर माणूस किती दिस काठावर उभा राहील?”

जाऊ देऊ नका, असं मी म्हणू शकत होते. पण कशाच्या जोरावर? पोर दोन वर्षं काठावर उभं होतं. घरात लहान मूल होतं. आणि मी आणखी किती वर्षं थांब म्हणणार, दहा की चाळीस? मी म्हटलं, “काका, धोका आहे. कधी ते मला सांगता येत नाही.” तेव्हाही तेच खरं होतं.

“जाऊ दे त्याला,” काका म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, ते कळलं नाही.

जाण्याआधी मंगेश भेटायला आला. मुलीला खांद्यावर घेऊन आला होता. मी त्याला समोर बसवून सांगितलं. खोली डोंगरावर घ्यायची. जमीन नेहमीपेक्षा जास्त वेळ हलली, किंवा इतकी हलली की उभं राहता येईना, तर हातातलं टाकून वर पळायचं. किनाऱ्यावरच्या त्सुनामीच्या भोंग्याची वाट बघायची नाही. भूकंप जवळच झाला असेल तर पाणी काही मिनिटांत येतं, आणि भोंग्याला तेवढीही सवड मिळेलच असं नाही.

“ताई,” तो हसला, “भोंगेवाल्याच्या पोराला भोंगा शिकवता?”

“म्हणूनच शिकवतेय.”

“बरं बरं. तुमचा लाल डाग हाय ना अजून? मग मी निळ्याकडं डोकं करून झोपंन.”

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी खिदळली.

त्याने खोली खरंच डोंगरावर घेतली. मला खिडकीतून फोटो पाठवला. खाली जेट्टी, पलीकडे समुद्र, आणि वर लिहिलं होतं, ‘हाइट ओके?’ मी ‘ओके’ पाठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो लाल भाग सुटला.

मी तेव्हा स्वयंपाक करत होते. मोबाइलवर अलर्ट आला, ठिकाण बघितलं आणि मला पुढचं सगळं कळलं. ते कळण्यासाठीच तर मला पगार मिळतो. कुठला किनारा किती बसला असेल, पाणी कुठून शिरलं असेल, हे मी गॅस बंद करता करता सांगू शकले असते. मंगेशला फोन लावत राहिले. लागला नाही. डोंगरावरची ती खोली शाबूत होती, तिला तडाही गेला नव्हता. पण धक्का दिवसाढवळ्या आला होता आणि मंगेश कामावर होता.

तो सापडला नाही. घरच्यांनी बरेच दिवस वाट बघितली आणि शेवटी पिठाचा पुतळा करून विधी केले.

त्याच्याबरोबर टोकावड्याचा एक वेल्डर होता, सुनील. तो वाचला. विधी झाल्यावर तो दामूकाकांच्या ओटीवर येऊन बसला. मीही होते. कविता दाराच्या आत, मुलीला मांडीवर घेऊन.

“जमीन लय वेळ हालली,” सुनील सांगायला लागला. “उभं राहवत नव्हतं. आमी समदे वर पळालो. मंग्यापन निघाला व्हता. मग वळला. बोलला, गर्डर लटकलाय चेनब्लॉकच्या साखळीला, कुणाच्या डोक्यात पडंल, खाली ठेवून येतो. मी बोललो, अरे ये, पाणी येईल. तर बोलला, भोंगा कुठं झालाय अजून? टाइम हाय.”

दामूकाकांनी मान वर केली.

“मग भोंगा झाला?”

“झाला, काका.”

“कवा?”

सुनील माझ्याकडे बघायला लागला. मी नजर खाली घातली.

“पाणी आल्यावर,” तो म्हणाला.

“असं कसं?” दामूकाका म्हणाले. आवाज चढला नव्हता. गेट नीट बसलं नाही तर विचारावं तसं ते विचारत होते. “भोंगा आधी असतो. आधी भोंगा, मग पाणी. नंदा, आधीच असतो ना गो?”

शाळांतून, कॉलेजांतून, कलेक्टर ऑफिसांतून मी हा विषय शेकडो वेळा समजावलेला आहे. लाटेचा वेग, धक्क्याची जागा, इशारा निघायला लागणारा वेळ. त्या ओटीवर मी “हो काका” म्हणाले. कविता आत उठून गेली.

सुनीलबरोबर शहापूरपर्यंत परत आले. एसटीत मोबाइल उघडला तर सरांचा मेल होता. ‘सुटलेला भाग आणि आपल्या मॉडेलमधला लाल भाग तंतोतंत जुळतोय. आपल्या पट्ट्यावर इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. अभिनंदन, मॅडम.’ पुढे एका परिषदेत मला त्यावर बोलायला बोलावलं. मी पहिला नकाशा दाखवला, मग दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बेटाजवळचा आकडा इतका अचूक कुठून मिळाला. मी सांगितलं, स्थानिक निरीक्षण. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि जेवायच्या लाइनीत उभी राहिले.

या धंद्यात शिकलेलं कामाचं वाक्य एकच, आणि ते सांगायला नकाशाही लागत नाही. किनाऱ्यावर असताना जमीन खूप वेळ हलली, तर तोच भोंगा. दुसऱ्याची वाट बघू नका. हे मी आता प्रत्येक भाषणात सुरुवातीलाच सांगते. ज्याला सांगायचं होतं त्याला सांगूनही झालेलं आहे. त्याने ऐकलंही होतं, खोलीही डोंगरावर घेतली होती. पण माझं सांगणं एका दुपारचं होतं आणि नदीकाठचं शिकणं जन्माचं. वेळ आली तेव्हा जन्माचं जिंकलं.

या पावसाळ्यात दामूकाकांना भेटायला गेले. ते आता फारसे बोलत नाहीत. ओटीवर बसून असतात, नात अंगणात खेळत असते. आम्ही बसलो होतो तेव्हा धरणावरून भोंगा झाला. पोरीने कान झाकले. पात्रातून दोन बाया बादल्या घेऊन सावकाश वर आल्या. एक मध्येच परत खाली गेली, दगडावर राहिलेला साबण घेऊन आली.

दामूकाका नदीकडे बघत होते. “आता येईल बघ,” ते म्हणाले.

पाणी आलं. अगदी वेळेवर आलं.